आईचे उघडे डोळे

लिऑन, ९ नोव्हेंबर १८५८

चि. झेलीस,
अ. आ. वि. वि.

आईचं पेन्सिलचित्र पोचलं. मातीला मला येता आलं नाही, म्हणून निदान तिचा चेहरा कागदावर काढून घे असं मीच तारेनं कळवलं होतं. तू ते केलंस, फार बरं वाटलं. दुकानात टोप्या शिवणारी म्हातारी म्हणते, मालक, नाक तुम्ही आईचंच उचललंय, फक्त दुप्पट करून. हनुवटीवरचा तीळसुद्धा बरोबर आहे. पण डोळे बघितले आणि चित्र पालथं ठेवलं. चौदाव्या वर्षी घरातून पळालो, सहा वर्षांनी उगवलो, तेव्हाही आईनं माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. चित्रकार चुकला असेल तर चित्र परत धाडतो, दुरुस्त करून घे.

थंडी वाढली आहे, घसा सांभाळ. लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझा दादा,
अँसेल्म

मोंरेव्हेल, १४ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चित्रकाराचा दोष नाही. तो आला तेव्हा आईला जाऊन रात्र उलटली होती. तो मिटलेलेच डोळे काढत होता, पण ऑर्तांसकाकू म्हणाल्या, पोराला मेलेली आई काय पाठवता, डोळे उघडे हवेत. आईसारखे डोळे कुणाचे, असं त्यानं विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. मग मला खिडकीत बसवून तो म्हणाला, रस्त्याकडे बघा.

दादा, त्याच रस्त्याकडे आई आठ दिवस बघत होती. शनिवारी येतो असं तू लिहिलं होतंस. नंतर रेशीमवाल्याच्या मुलीच्या लग्नाच्या टोप्या आधी उरकतो, असं तुझं पत्र आलं. ते मी तिला वाचून दाखवलंच नाही. त्याची गाडी चुकली असेल, हेच ती शेवटपर्यंत म्हणत होती.

ती रागावली नव्हती. रागावले होते मी. चित्र हवं तर परत पाठव, काकूंना बसवते. त्या फक्त भुकेल्या असल्या तरच रागावतात.

लोभ गेलेला नाही, दुखावलाय.

झेली

लिऑन, १९ नोव्हेंबर

चि. झेलीस,
अ. आ.

चित्र परत पाठवत नाही. आईचे डोळे असते, तर दोन दिवसांत मी त्यांच्याकडून माफी काढून घेतली असती. धंद्यात जन्म गेला, मन वळवणं मला जमतं. या डोळ्यांपुढे काही चालत नाही.

येतो असं लिहायची माझी लायकी उरली नाही. दारात दिसलो, तर आधी मनात असेल ते सगळं बोलून घे. मग घरात घ्यायचं की नाही ते ठरव. एवढं तोंडावर बोलणारं आता मला तुझ्याशिवाय कुणी नाही.

लोभ असावा असं लिहवत नाही. राग तरी असू दे.

अँसेल्म