कुकरची शिट्टी

प्रिय नवरोबा,

तुझ्या आईसमोर मी तुला 'अहो' म्हणायचे. हे पत्र सासूबाई तुझ्याआधी फोडून वाचणार हे ठाऊक असूनही आज सरळ 'तू' म्हणते. माझं बरं चाललंय. दिवसपाळी आहे, वॉर्डात सगळे 'सिस्टर' म्हणून हाका मारतात, आणि खोली लहान असली तरी तिची किल्ली माझ्याच पर्समध्ये असते.

आठवतं, भाऊजींच्या लग्नाला मला एकटीला भारतात पाठवलंस? तू हो पुढे, रजा मिळाली की आलोच, म्हणालास. आला नाहीस. फोनवर मात्र न चुकता बजावायचास, येताना कुकरची शिट्टी आण, इथे मिळत नाही. ती शिट्टी पर्समध्ये घेऊन मी विमानतळावर काउंटरपाशी उभी होते. तिथल्या बाईने स्क्रीनवरून मान वर करून सांगितलं, तुमचा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर होता, तो त्यांनी रद्द करून घेतलाय, तुम्हाला जाता येणार नाही. मागची रांग माझ्याकडे बघत होती. तिच्यातून बॅग ढकलत बाहेर आले, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. घटस्फोटाची कटकट नको म्हणून तू नुसती बायको परत पाठवून दिलीस! सासूबाई म्हणाल्या, पुरुषांचं असं चालायचंच. मी मुळात नर्स आहे हे तुम्ही दोघंही विसरला होतात. त्यांच्याच स्वयंपाकघरात अभ्यास करून मी इथली परीक्षा दिली आणि स्वतःच्या नोकरीवर परत आले.

मग तुझी नोकरी गेली. दुसरी मिळेना, राहण्याची मुदत संपत आली, तेव्हा सफरचंदं घेऊन माझ्या दारात उभा राहिलास. कागदावर अजून नवरा-बायकोच आहोत, तुझ्या व्हिसावर मला घे, म्हणालास. अडला हरी गाढवाचे पाय धरी! गाढव तर गाढव, पण गाढवाला लाथ मारता येते. मी गोड आवाजात म्हटलं, तू हो पुढे, मी मागून अर्ज करते. आणि तू खरंच आईकडे परत गेलास.

रोज फोन करून विचारतोस, अर्जाचं काय झालं. त्याचंच उत्तर देतेय. अर्ज मी केलेला नाही, करणारही नाही. वकिलाची नोटीस येईल, तिच्यावर मुकाट्याने सही कर. तुझी दया येईल असं वाटलं होतं, पण फोन वाजत राहिला की बरं वाटतं. शिट्टी माझ्या कुकरला अगदी नीट बसली आहे.

सही होईपर्यंत तुझीच,
बायको