चुन्याचा रविवार

प्रिय प्रतिक्षा,

वरचा 'प्रिय' मी दोनदा खोडला आणि तिसऱ्यांदा पुन्हा लिहिला. मायन्याशिवाय पत्र लिहायला मला कुणी शिकवलं नाही, म्हणून तो राहू दिलाय. त्याचा अर्थ लावत बसू नकोस. मोबाइलवर लिहिलं असतं तर तू अर्धं वाचून जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं असतंस आणि मोकळी झाली असतीस. हे पूर्ण वाच. बसून वाच.

तुझं बरं चाललंय हे मला माहीत आहे. पुण्याचं ऑफिस, गळ्यात ओळखपत्र, भिंतीवर लेकरांचे हसरे फोटो. त्यातला मधला फोटो आमच्या गावच्या शाळेच्या पडवीतला आहे. परातीभोवती बसलेली सात पोरं आणि मागं त्यांच्या आया. परातीत काय तरंगेल आणि काय बुडेल, हा खेळ होता. बटाटा बुडाला, वांगं तरंगलं, तेव्हा नातवासोबत आलेले किसनराव म्हणाले होते, "पन्नास वर्सं वांगी लावली, हे काहून दिसलं न्हाई मला?" आणि आख्खी पडवी हसली होती, ते स्वतः सगळ्यात जास्त. तो खेळ मी सुचवला होता. फोटोखाली तुझं नाव आहे. असू दे, तो राग शिळा झालाय आणि आज मी शिळ्या रागासाठी बसलेली नाही.

खरं तेही सांगते. आई-बापांनी, आजी-आजोबांनी लेकरांसोबत मांडी घालून बसायचं, नुसतं सोडून जायचं नाही, हा नियम तुझा होता. हिंगोलीत आपण बी.एस्सी.ला एका बाकावर बसायचो तेव्हापासून तू म्हणायचीस की प्रयोगशाळेला कुलूप असतं म्हणून विज्ञान कुणाच्या घरी जात नाही. माझं लग्न कनेरगाव नाक्याच्या अलीकडच्या या गावात झालं, तुला तुझ्या संस्थेनं जिल्हा दिला, आणि आपल्याला वाटलं, जमलं. आठ रविवार जमलंही. कयाधू नदीच्या वाळूत लोहचुंबक फिरवून काळा चुरा काढला. अंगणात काठी रोवून तासातासाला तिच्या सावलीवर खडे मांडले. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर साबणाचं पाणी टाकलं आणि कागद लालभडक झाला, तेव्हा आरोहीची आजी गोजरबाई उठून उभी राहिली. "अगं हे तर कुंकू! माझी सासू हळदीत चुना घालून करायची." त्या दिवशी तिनं आपल्याला शिकवलं आणि सहा वर्षांची आरोही आजीकडं अशी बघत होती, जशी कुणी पहिल्यांदा ओळख झालेल्या माणसाकडं बघतं. ती नजर मी विसरलेली नाही. तू विसरली असशील, तू त्या वेळी फोटो काढत होतीस.

चुन्याचं तुझ्या डोक्यात तिथूनच आलं. नवव्या रविवारी पुण्याहून पाहुणे येणार होते, कॅमेरा येणार होता. हळदीचा कागद त्यांना 'फार शांत' वाटेल म्हणालीस. गडव्यात कळीच्या चुन्याचे खडे टाकून वर पाणी ओतायचं, ते रटारटा उकळतं, वाफा निघतात, लोक दिपतात. मी नको म्हणाले. शनिवारी दुपारी माझ्या ओसरीवर दोनदा म्हणाले. आमच्याकडं घराला चुना द्यायचा तेव्हा तो भिजवताना लेकरांना गल्लीतसुद्धा उभं राहू देत नाहीत. तू म्हणालीस, "दीक्षा, तू सदा घाबरून राहिलीस, म्हणून इथंच राहिलीस." हे वाक्य तुझ्या लक्षात नसेल. मला ते दोन वर्षं चार महिने पाठ आहे.

तरी मी रविवारी सकाळी पडवीत रांगोळीची जाड रेघ ओढली. गडव्यापासून दहा हात लांब. लेकरं रेघेच्या पलीकडं बसवली. कॅमेरेवाला म्हणाला, पोरं चौकटीत येत नाहीत. तू आलीस, चपलेनं ती रेघ पुसलीस आणि सतरंजी पुढं ओढलीस. आरोही सगळ्यात पुढं आली, कारण ती नेहमीच पुढं असायची. तिची आई बाळंतपणासाठी वाशिमला माहेरी होती, म्हणून गोजरबाई तिच्या पाठीशी बसली होती. तू पाणी ओतलंस. एकदम ओतलंस. गडवा उसळला आणि फटकन उडालेला पांढरा लगदा थेट आरोहीच्या उजव्या डोळ्यात गेला.

त्यानंतरचं तू नीट पाहिलंच नाहीस, म्हणून सांगते. मी तिला बोअरच्या नळाखाली धरलं. ती माझ्या हाताला चावत होती, लाथा मारत होती आणि मी दोन बोटांनी तिची पापणी उघडी धरून पाणी सोडत राहिले. किती वेळ, ठाऊक नाही. जीप येईपर्यंत. तेवढ्यामुळं डोळ्याचा गोळा तरी वाचला, असं पुढं नांदेडला नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. नजर वाचली नाही. आता तिला त्या डोळ्यानं उजेड आणि अंधार एवढंच कळतं. बुबुळावर सायीसारखा पांढरा पडदा आहे.

हिंगोलीच्या दवाखान्यात व्हरांड्यात तिचा बाप बालाजी धावत आला आणि त्यानं विचारलं, "झालं काय?" मी तोंड उघडण्याआधी तू म्हणालीस, "दादा, तिनं मध्येच गडव्यात हात घातला." आणि माझ्याकडं बघितलंस. गोजरबाई बाकावर तोंडात पदर कोंबून बसली होती. गर्दीत, वाफेत तिला काही दिसलं नव्हतं, मागं बसलेल्या आयांनाही नाही, पाहुणे कॅमेऱ्यासकट परस्पर पुण्याला निघून गेले होते, आणि शिकलेल्या बाया खोटं कशाला बोलतील, असं तिला वाटलं असणार. मी मान हलवली. "व्हय," म्हणाले. एकच शब्द. तू आयुष्यभर कुठल्याही सभेत सांगू शकतेस की दीक्षानंही हेच सांगितलं होतं, आणि ते खरं असेल.

का म्हणाले, तेही ऐक. तू संध्याकाळच्या गाडीनं जाणार होतीस. मी राहणार होते, बौद्धवाड्यातली सून म्हणून. गावाला बोट ठेवायला कुणीतरी लागतं आणि ते कुठल्या दिशेला पहिलं उठेल, हे आपल्या दोघींनाही माहीत होतं. तू त्याचा हिशेब माझ्याआधी केलास. माझी भीती वापरलीस. आणि मी ती वापरू दिली. सहा वर्षांच्या लेकरावर सगळं ढकलून आपण दोघी शिकलेल्या बाया सुटलो.

लेकरू सुटलं नाही. घरात तिच्या हातून काही सांडलं, फुटलं, की गोजरबाई म्हणायची, "लाव हात, लाव! एक डोळा गेला, दुसरा बी घालव." प्रेमानंच म्हणायची, धास्तीनं. मी त्यांच्या घरी जायची, चहा प्यायची, हे ऐकायची आणि कपबशी विसळून परत यायची. शाळेत आरोही खडूसुद्धा विचारून उचलते. बाई म्हणतात, फार शहाणी पोरगी, कशाला हात लावत नाही.

रविवार मी पुन्हा सुरू केलेत, तुझ्या संस्थेशिवाय. माझ्याच अंगणात, तीन लेकरांवर. आता अकरा येतात. मागच्या रविवारी गोजरबाई आरोहीला घेऊन आली, पहिल्यांदाच. पाण्याच्या थेंबाचं भिंग करायचं होतं. पारदर्शक पिशवीच्या तुकड्यावर एक थेंब ठेवायचा आणि त्यातून खताच्या पोत्यावरची बारीक अक्षरं बघायची. सगळी पोरं एक डोळा घट्ट मिटून वाकली होती. आरोही दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसली होती. मी तिच्यापुढं तुकडा धरला. ती म्हणाली, "न्हाई बाई. मी हात लावला की खराब होतं."

मी तिच्यासमोर खाली बसले आणि सगळ्या आयांसमोर, अकरा लेकरांसमोर सांगितलं की तू हात लावला नव्हतास. रेघ कुणी पुसली, पाणी कुणी ओतलं, दवाखान्यात कोण काय बोललं, आणि माझा तो 'व्हय', सगळं. आरोहीनं नीट ऐकलं. मग विचारलं, "म्हंजे मी नुसती बसले होते?" मी म्हणाले, "व्हय. तू नुसती बसली होतीस." या खेपेला तो शब्द खरा होता.

गोजरबाई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती इतकंच म्हणाली, "दोन वरीस मी या लेकराला काय काय बोलले. आन तू माझ्या घरचा चहा पिऊन राहिलीस, दीक्षा." आरोहीचा हात धरून ती निघून गेली. संध्याकाळी बालाजी आला. घरात या म्हटलं, तर फाटकातच उभा राहिला. पोलिसांत जायचं का, हे अजून ठरवलं नाही म्हणाला. मी म्हणाले, जाल तिथं मी येईन आणि हेच सांगेन. माझ्याबद्दल तो जे बोलला ते मी इथं लिहीत नाही. ते माझं आहे, मी झेललं.

आता हे पत्र का, ते. सोमवारी तुझा मेसेज आला. दोन वर्षांत पहिला. तुला कसलासा राज्यपातळीवरचा पुरस्कार मिळतोय आणि निवड समितीला सोबत काम केलेल्या स्थानिक व्यक्तीचं पत्र हवंय, 'उपक्रमात मुलांच्या सुरक्षिततेची पूर्ण काळजी घेतली गेली' एवढ्या दोन ओळी. खाली लिहिलं होतंस, "तूच माझी हक्काची." आरोही कशी आहे, एवढंही विचारलं नव्हतंस. ते पत्र मी काल लिहिलं, चार पानांचं, आणि आज सकाळी हिंगोलीला जाऊन समितीच्या पत्त्यावर रजिस्टर केलं. त्यात माझं खोटंही माझ्या नावानिशी आहे. तुला आधी कळावं एवढ्यासाठी हे दुसरं लिहिलं, आपल्या मैत्रीतलं तेवढंच देणं मला शिल्लक वाटतं. आणखी एक. परवा बालाजी आरोहीला घेऊन पुन्हा फाटकाशी आला आणि तुझा नंबर मागितला, मी दिलाय. पण फोन तो करणार नाही. आरोही करणार आहे, येत्या रविवारी, माझ्या अंगणातून, बापासमोर. तुला काय विचारायचं हे तिनं ठरवलंय आणि मला सांगायला तयार नाही. अनोळखी नंबर म्हणून कापू नकोस. उचल.

एके काळी तुझीच,
दीक्षा