नुसतं पाणी

कोयनानगर
ता. २२ फेब्रुवारी १९७६

ती. मामींना,

कृष्णातचा वाकून नमस्कार. छबीचाही नमस्कार. ती शेजारी बसून पाटीवर बैल काढते आहे. शिंगं झाली आहेत, पाय राहिले आहेत.

दादासो, हे पत्र आईला सावकाश वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे. चार ओळी वाचतोस आणि "बाकी समदं ठीक" म्हणून घडी घालतोस.

आम्ही बरे आहोत. थंडी अजून गेलेली नाही. परवा दुपारी भूकंपाचा जरासा हादरा बसला. फळीवरच्या काचेच्या नळ्या किणकिणल्या, पण एकही फुटली नाही. तिकडून पाठवलेली अंडी पोचली, दोनच तडकली होती.

मामी, छबीला कुंडलच्या त्या दिवसानंतर आकडी आलेली नाही. हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं तुम्हाला नीट ऐकता येईल.

मी रोज सकाळी नळीत काय बघतो, असं तुम्ही एकदा विचारलं होतं. मी "लघवी तपासतो" एवढंच म्हणालो होतो. आज नीट सांगतो. मिरजेच्या डॉक्टरांनी छबीला लोणी, तूप, साय, अंडी यांवर ठेवलं आहे. भाकरी जेमतेम चवीला. भात, गूळ, साखर बंद. अंगाला पीठ-साखर मिळाली नाही की ते चरबी जाळायला लागतं. ती जळताना एक पदार्थ तयार होतो, त्याला कीटोन म्हणतात. तो अंगात असेपर्यंत काही मुलांना आकडी येत नाही किंवा कमी येते. असं का होतं ते आपल्यालाही पुरतं कळलेलं नाही, असं डॉक्टर स्वतःच म्हणाले. चूल पेटली आहे का ते आपण बाहेरून धूर बघून ओळखतो. तसं हे लघवीत बघायचं.

सुरुवातीला त्यासाठी पट्ट्या होत्या. डॉक्टरांच्या ओळखीच्या कोणी विलायतेहून आणलेल्या. पट्टी बुडवायची, रंग बघायचा. पण इथला पाऊस तुम्हाला माहीत आहे. झाकण घट्ट लावूनही पट्ट्या सर्दावल्या आणि रंग द्यायच्या बंद झाल्या. मग डॉक्टरांनी नळीची रीत शिकवली. थोडी लघवी घ्यायची, तिच्यात अमोनियम सल्फेट विरघळेनासं होईपर्यंत टाकायचं. तुम्ही उसाला टाकता तेच, फक्त हे शुद्ध, दुकानातून बाटलीत मिळतं. तुमच्या शालनने नाव ऐकलं तेव्हा ती डॉक्टरांच्या समोरच हसली. "आमच्यात पोत्यानं हाय की वो," म्हणाली. मग डॉक्टरांनी दिलेल्या औषधाचा एक लाल खडा टाकायचा, बाजरीच्या दाण्याएवढा. हलवायचं. नळी तिरकी धरून कडेनं अमोनिया सोडायचा आणि थांबायचं. दोन पाण्यांच्या मध्ये जांभळं कडं उठलं की समजायचं, चूल पेटलेली आहे. अमोनिया फार उग्र असतो. माझे डोळे का लाल झाले असं छबी विचारते तेव्हा मी अमोनियाचं नाव सांगतो.

शालनला यांतलं काही लागत नसे. छबी उठायच्या आत ती तिच्या तोंडाजवळ नाक नेई आणि सांगे, आज आहे, आज कमी आहे. पिकत घातलेल्या रामफळासारखा वास येतो म्हणे. मी नळी करून बघायचो आणि तिचंच खरं निघायचं. मला तो वास कधी आला नाही. मी तेवढा जवळ गेलो नव्हतो, हेही आहे.

आता कुंडलचं.

पौषात शालनच्या मासिक श्राद्धाला आम्ही आलो. गुऱ्हाळ चालू होतं. पोरं मळ्यात आणि घरात पळत होती, छबीही पळत होती. तुम्ही सोप्याच्या दारात काठी घेऊन बसला होता. छबीच्या हातावर कुणी काही ठेवलं की तुम्ही उठत होता. खीर घेऊन आलेल्या शेजारच्या म्हातारीला तुम्ही म्हणालात, "खीर घालतीस पोरीला? तुजी खीर तुलाच घालीन!" मला तेव्हा बरं वाटलं होतं. माझ्याखेरीज आणखी कुणीतरी राखणीला आहे असं वाटलं.

संध्याकाळी छबी आकडी येऊन अंगणात पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यामागे मी नळी केली. कडं उठलं नाही. दुसऱ्यांदा केली, तरी नाही. कुणी काही खायला दिलं का, असं मी घरात विचारलं. गुऱ्हाळावरच्या माणसांनी कानाला हात लावले. तुम्ही पुढे आलात आणि म्हणालात, "जावईबापू, शालनची आन. माज्या हातनं पोरीनं पाण्याबिगर काय बी घेतलं न्हाई."

मी मान हलवली आणि दुपारच्या गाडीनं छबीला घेऊन निघालो. शालन गेल्यापासून तुम्ही आमच्याजवळ राहत होता. त्या दिवशी तुमचं गाठोडं बांधलेलं होतं, पण तुम्ही गाडीत चढला नाहीत. मी चढा म्हणालो नाही. आळीतल्या बायका पुढे काय बोलल्या ते दादासोच्या पत्रात होतं. लेकीची खोटी आन घेतली, असं म्हणाल्या.

गेल्या आठवड्यात आपल्या गावचा हरिबा इथं उतरला. गुळाच्या ढेपा ट्रकात घालून तो चिपळूणला निघाला होता. दादासो, तू पाठवलेली लहानशी ढेप त्यानं दिली. आमच्या घरात शालनने गूळ ठेवलाच नव्हता, हे तू विसरलास. असू दे. छबी शाळेत होती. मी ढेपेचा कोपरा फोडला, खडा हरिबाच्या हातावर ठेवला आणि तांब्याभर पाणी दिलं. त्यानं गूळ तोंडात टाकला, पाणी प्याला, मिशा पुसल्या. कुंडलच्या चार गोष्टी झाल्या. मग उठला आणि दारातून म्हणतो, "काय रं किस्ना, नुसत्या पाण्यावर बोळवतोस व्हय पाव्हण्याला? चा तरी टाक की गड्या!"

गुळाचा खडा अजून त्याच्या गालात होता. दिसत होता.

मी विचारलं, "हरिबा, आत्ता काय खाल्लंस?"

"काय खाल्लं? काय बी न्हाई. पाणीच तर प्यालो."

"आणि गूळ?"

"गूळ व्हय? आरं, त्यो पाण्यासंगचा. त्येला कोण खाणं म्हणतं?"

मी तिथंच उंबऱ्यावर बसलो. हरिबा घाबरला. चहाची चेष्टा माझ्या मनाला लागली असं त्याला वाटलं. "ऱ्हाऊ दे रं चा, म्या आपलं हसण्यावारी बोललो," म्हणाला. मी त्याला चहा करून दिला. साखर नव्हती म्हणून त्यातही गूळच घातला.

छबी शाळेतून आली तेव्हा तिला विचारलं, कुंडलला आजी पाणी कशी देत होती? ती म्हणाली, "मळ्यातून आलं की आधी हातावर गूळ, मग तांब्या. प्रत्येक वेळी." मग मला का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही विचारलंत, काय खाल्लंस? मी काही खाल्लं नव्हतं."

मामी, मीही त्याच गावाच्या पाण्यावर वाढलो. उन्हातून आलेल्या पोराला आपल्यात कुणी रिकामं पाणी देत नाही. घशाला लागतं म्हणतात. दारात काठी घेऊन बसलेल्या माणसाच्या मुठीत गूळ असेल हे मला सुचलं नाही आणि तुम्हालाही सुचलं नाही, कारण आपल्या दोघांच्या हिशेबी तो गूळ नव्हताच. ते पाणी होतं. तुमची आन खोटी नव्हती. हे तुम्ही आळीत सांगा. दादासो, तू मोठ्यानं सांग.

आता एक गोष्ट राहिली. ती लिहायला मी वरचं सगळं लिहिलं असं तुम्हाला वाटेल. थोडंफार तसंच आहे.

पुढच्या महिन्यात माझी कामाची पाळी बदलते. शेजारच्या लीलाबाई छबीकडे बघतात, पण त्यांची लेक बाळंतपणाला येते आहे. डॉक्टर म्हणतात, हे जेवण दोन वर्षं तरी न चुकता चाललं पाहिजे, घरात जाणतं माणूस पाहिजे. नसेल तर बंद करू आणि पुन्हा गोळ्या वाढवू. गोळ्यांवरची छबी तुम्ही बघितली आहे. ताटावर बसल्या बसल्या झोपायची, आपलं नाव विचारलं तरी उशिरा सांगायची. आता ती बैल काढते आहे. चारही पाय झाले.

मला एकट्याला हे जमत नाही.

काल सकाळी मी तिच्या तोंडाजवळ वाकलो. पहिल्यांदाच. वास आला. मला तो रामफळाचा वाटला नाही, पिकल्या पेरूचा वाटला. शालन असती तर यावरून दिवसभर भांडली असती. मग नळी केली. कडं गडद उठलं.

तुम्ही या, असं मी म्हणत नाही. तुमची वाट बघतो आहे, एवढं मात्र खरं आहे.

आपला,
कृष्णात


कुंडल
ता. २८ फेब्रुवारी

(आई सांगेल तसं लिहितो आहे. काही गाळलेलं नाही. दादासो)

किस्ना,

तुजं पत्र दादासोनं दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यो हरिबाच्या गालातल्या खड्यापाशी आला, आन मला हसू फुटलं. हसता हसता मग दुसरंच झालं. सूनबाई चुलीपास्नं पळत आली.

आरं, माजी मती कुठं गेली हुती? काठी दारात, आन चोर मुठीत! त्या म्हातारीला म्या खिरीवरनं नगं नगं ते बोलली. काल तिच्या घरी जाऊन आली. तिनं पयलं काय केलं म्हाईत हाय? हातावर गुळाचा खडा ठिवला, आन तांब्या दिला. दोघी बी हसत बसलो.

लगीन झाल्यापास्नं तुला जावईबापू म्हणत आली. त्येच्या आदी तू नणंदंचं पोर, माज्या मांडीवर खेळलेला. त्या दिशी तू मान हलीवलीस तवा मला कळलं की तुला पटलं न्हाई. किस्ना असता तर त्येच्या कानफटात दिली असती. जावयाला काय बोलू? म्हणून गाडीत बसली न्हाई.

हितं सूनबाई हाय, ती घर बघंल. मी येती. पर एक आदीच सांगती. पोरीला नुसतं पाणी द्यायाला माजा हात उचलायचा न्हाई. गुळाच्या जागी खोबऱ्याचा तुकडा चालंल का, ते डागदराला इचार. चालंल म्हणला तरी येती, न्हाई म्हणला तरी येती. पर इचार.

आन त्या अमोनियाचं छबीला सांग, मला नगं सांगू. मला बी डोळं हायत. आता नळी मी धरत जाईन, तू दुसरीकडं तोंड करून बस. सल्फेट लागत आसंल तर हितनं पोतं आणू का?

तुजी मामी

(खालचा अंगठा आईचा. शाई जास्त लागली.)


कोयनानगर
ता. ७ मार्च

ती. मामी,

नमस्कार.

काल मिरजेला जाऊन आलो. डॉक्टरांना खोबऱ्याचं विचारलं. आधी हसले, मग सगळी हकीकत नीट ऐकून घेतली. खोबऱ्यात तेल भरपूर, चालेल म्हणाले, पण रोजच्या जेवणात धरून आणि तोलून. शालनने सोनाराकडून आणलेला छोटा काटा आहे, त्यावर छबीनं तुकडे तोलून डबीत भरले आहेत. भरता भरता एक खाल्ला. तो मी हिशेबात धरला.

सल्फेटचं पोतं आणू नका. इथं बाटलीभर पुरतं.

कराडला गाडी बदला, चिपळूणची घ्या. खिडकीजवळ बसा, पुढे वळणं फार आहेत.

गूळ आणू नका असं लिहिणार होतो. आणा. हरिबानं दिलेली ढेप संपत आली, आणि आल्यागेल्याला लागतो. वरच्या फळीवर, नळ्यांच्या शेजारी ठेवू. छबीचा हात तिथं पोचत नाही, आणि पोचला तरी सकाळी कळेलच.

मी आणि छबी स्टँडवर येऊ. तिच्याजवळ तिची डबी असेल, माझ्याजवळ तांब्या. तुम्ही दमून उतराल. तुम्हाला नुसतं पाणी देणार नाही.

तुमचा,
किस्ना