एकाच क्लबचा डिफेंडर

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. सकाळी ६
काल मोबाइलवर एका रुमानियन फुटबॉल डिफेंडरचा व्हिडिओ पाहिला. नावाच्या शेवटी 'एस्कू' आहे, पुढचं मला झेपत नाही. गडी मिसरूड फुटल्यापासून एकाच क्लबला खेळला. बाहेरून किती बोलावणी आली, पण हलला नाही. मला भरूनच आलं. अरे, हा तर मी! मांडवीच्या 'दर्यासागर' क्लबला मी बावीस वर्षं डिफेंडर आहे. बोलावणी आली नाहीत ही गोष्ट वेगळी. माझा स्वभाव माहीत असल्यामुळे कुणी विचारलं नसेल.
१४ डिसेंबरला टुर्नामेंटची फायनल. क्लब आजवर एकदाही फायनलला पोचलेला नाही. यंदा पोचणार आणि मी खेळणार. वय त्रेचाळीस, पण डिफेंडर उशिरा पिकतो.
संकल्प: रोज पाच किलोमीटर. तळलेलं बंद.

३ नोव्हेंबर
धावलो नाही. दव होतं. घोटा जपलेला बरा.

५ नोव्हेंबर
भाट्याच्या पुलापर्यंत धावलो. म्हणजे जवळजवळ. येताना रिक्षा. रिक्षावाला ओळखीचा निघाला, नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.
रात्री बायकोला बांगडा नुसता उकडून दे म्हटलं. दीपालीने विचारलं, "तुम्हाला बरं नाही का?" मग नेहमीचं झणझणीत तिखलंच केलं तिने. चार बांगडे. प्रोटीन.

९ नोव्हेंबर, रविवार
प्रॅक्टिस. कोच अजिंक्यने माझ्या जागी खेडहून आलेल्या रितेशला उभं केलं. वय एकोणीस. अजिंक्य मला फायनलसाठी राखून ठेवतोय हे उघड आहे. रितेश पळतो झकास, मान्य. पण डिफेंडरने पळायचं कशाला? योग्य जागी उभं राहिलं की बॉल आपणहून येतो. मला 'काका' म्हणतो. आदर आहे पोराला.

१६ नोव्हेंबर
पहिली मॅच. दोन-शून्यने जिंकलो. मी बाकावर. पण नव्वद मिनिटं तिथून ओरडत होतो, म्हणून डिफेन्स जाग्यावर राहिला. रेफरी दोनदा येऊन गप्प बसा म्हणाला. मॅच सोडून त्याचं लक्ष भलतीकडेच.

२३ नोव्हेंबर
पुन्हा जिंकलो. पुन्हा बाक. उद्यापासून नक्की धावणार.

३० नोव्हेंबर
लांज्याच्या क्लबमधून फोन! त्यांचं काही ऐकून घेण्याआधीच ठणकावलं, "माफ करा, मी दर्यासागर सोडणार नाही." समोरचा गृहस्थ म्हणाला, चाळिशीवरच्यांची मैत्रीपूर्ण मॅच आहे, एक माणूस कमी पडतोय, तुमच्या ओळखीत कोणी असेल तर सांगा. मी फोन ठेवला. एस्कूला काय काय सोसावं लागलं असेल!
दीपाली म्हणाली, "खेळायचंच होतं ना? मग जायचंत की." तिला निष्ठा कळत नाही.

७ डिसेंबर
सेमीफायनल मारली! फायनल! मी बाकावरून असा उठलो की बाक आडवा झाला.
संध्याकाळी अजिंक्य स्वतः घरी आला. दर मोठ्या मॅचआधी क्लबचे सगळ्यात जुने धाकूकाका मैदानाच्या कडेला नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, मोठ्याने बोलायचं नाही. अजिंक्य म्हणाला, "यंदा गाऱ्हाणं तुम्ही घाला दादा. काकांनंतर तुम्हीच जुने." कॅप्टनच्याही वरचा मान!
दीपालीने विचारलं, "गाऱ्हाणं घालणारा कधी खेळलाय का?" काहीतरीच बोलते.

१२ डिसेंबर
ग्रुपवर फायनलची लिस्ट आली. अकरा खेळाडू. मग राखीव पाच, त्यात शेवटचं नाव सागर मयेकर, म्हणजे मी. पुढे कंसात 'गाऱ्हाणं'.
जेवण गेलं नाही. बावीस वर्षं, आणि मला कंसात टाकलं. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

१३ डिसेंबर
युक्ती सुचली. इथे लिहीत नाही.

१४ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी ७
सगळी टीम नारळाभोवती उभी. मी खणखणीत सुरुवात केली, "बा देवा भैरी म्हाराजा, आज तुझी लेकरं फायनलला उभी आहेत, त्यांना यश दे रे म्हाराजा!" सगळे, "व्हय म्हाराजा!" "कुणाचा पाय मुरगळू देऊ नको रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" मग त्याच सुरात, "आणि सागर मयेकराला शेवटची दहा मिनिटं मैदानात उतरव रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" अजिंक्यचा आवाज सगळ्यात मोठा. मग त्याचं तोंड उघडं ते उघडंच.
तो कुरकुरायला लागला. काळा चष्मा लावून बसलेल्या धाकूकाकांनी डॉक्टरचं न ऐकता सुनावलं, "मेल्या, देवासमोर व्हय म्हणालास ना? आता उतरव त्याला."
ऐंशीव्या मिनिटाला उतरलो. एक-शून्यने आम्ही पुढे. त्यांचा फॉरवर्ड बॉल घेऊन आला. मी योग्य जागी उभा होतो. तो बाजूने गेला. मी वळलो, तोवर तो गोलपाशी. रितेशने पलीकडून धावत येऊन, आडवं पडून बॉल काढला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मी धावलोच नाही, कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. श्वासच येईना. रितेशचा गुडघा मैदानातल्या जांभ्या दगडावर सोलवटून निघाला होता, माझ्यापायी.
मग मीच हात वर केला, मला बाहेर घ्या म्हणून. दहातली सहा मिनिटं झाली होती.
जिंकलो. सगळे नाचले, मीही नाचलो. लाज वाटत होती आणि आनंदही होत होता.

१५ डिसेंबर
जर्सी धुऊन, इस्त्री करून क्लबात परत द्यायला गेलो. चार नंबर. सगळं ठरवून गेलो होतो: अजिंक्य म्हणणार, असू दे दादा, ही तुमचीच. मी दोनदा नको म्हणणार, तिसऱ्यांदा घरी आणणार.
त्याने पहिल्यांदाच घेतली. तिथेच रितेशला घालून बघ म्हणाला. खांद्यात बरोबर बसली. पोटाकडे आणखी एक रितेश मावला असता.
"चालेल काका," रितेश म्हणाला, "आत खोचतो."