विरत्या सुरामागची फसफस

रविवार, १२ नोव्हेंबर

प्रिय दादा,

इकडे सगळे ठणठणीत. आईचा गुडघा तेवढा कुरकुरतो, पण ती जिना चढायची काही थांबत नाही. बाबांचं सायकलदुरुस्तीचं दुकान जोरात आहे आणि गिऱ्हाइकांवर ओरडणंही.

तुझी तक्रार पोचली. व्हायोलिनच्या शेवटच्या सुरामागे फसफस येते आणि तुझ्या पहिल्यावहिल्या सीडीची मी वाट लावली. अरे, आवाज पूर्ण चढवून ऐकलंस ना? खुसपट काढण्यात तुझा हात कोण धरणार!

ती फसफस मीच घातली आहे. मूळ रेकॉर्डिंग चोवीस बिटांचं (जितके बिट जास्त, तितका आवाज बारकाईने टिपला जातो), सीडीवर मावतात सोळा. जादाचे आठ नुसते छाटले, तर विरत जाणारा सूर खरखरतो आणि मधेच तुटतो. म्हणून छाटण्याआधी अगदी बारीक, एकसारखी फसफस मिसळायची. तिला डिदर म्हणतात. तिच्या आधाराने हळूतला हळू आवाजही टिकतो. तुझ्या समाधानासाठी डिदरशिवाय करून पाहिलं. सूर तुटला, आणि आणखी एक गोष्ट गायब झाली.

सांगूनच टाकते. आईच्या गुडघ्याआड किती वेळ लपणार?

दुकानावरच्या खोलीत तुझं रेकॉर्डिंग केलं त्या सकाळी बाबा फिरायला गेलेत, असं आई म्हणाली होती. गेले नव्हते. दाराबाहेर जिन्यावर बसले होते. "बंद कर ती किरकिर," असं म्हणून ज्यांनी तुला घर सोडायला लावलं, तेच बाबा तुझा शेवटचा सूर विरताना पुटपुटतात, "थांबू नकोस रे." डिदर असेल तरच ऐकू येतं. मी आधी रडले, मग इतकी हसले की स्टुडिओतली माणसं बघायला आली.

बाबांना विचारलं, तर चाकाच्या तारा आवळत म्हणाले, "खोकलो असेन." आईची हसून मुरकुंडी वळली. मग खाली मान घालून म्हणाले, "सीडी त्याची आहे. त्याला नको असेल तर काढून टाक."

शुक्रवारी सीडी छापायला जाते. ठेवू की कापू, ते मला कळवू नकोस, बाबांना सांग. दुकानातला फोन तेच उचलतात. हल्ली तो वाजला की हातातला पाना टाकून धावतात, आणि दुसराच कोणी निघाला की त्या बिचाऱ्यावर डाफरतात.

फोनच्या घंटेकडे कान लावून बसलेली,
तुझी धाकटी