मांडीतलं बळ

माय,

तुला मी कधी पत्र लिहिलं नाही. तुला वाचता येत नव्हतं. मी आठवड्याच्या सदरात साऱ्या जिल्ह्याच्या खोड्या काढायचो, आणि त्यातला एक शब्दही तुझ्यापर्यंत पोचणार नाही याचा मला केवढा तरी आधार वाटायचा. तू वाचलं असतंस तर पहिल्यांदा हेच विचारलं असतंस, "दुसऱ्याला सांगायला इतकं कळतंय, मग घरातलं कावून कळंना तुला?"

तो प्रश्न आज सकाळी समोर उभा राहिला, म्हणून लिहितोय. अण्णांना सोमवारी अंबाजोगाईहून घरी आणलं. डेंग्यूचा ताप, बारा दिवस दवाखाना. ताप गेला, पण माणूस निम्मा राहिला. आज त्यांनी खाटेवरून पाय खाली सोडले आणि म्हणाले, "बापू, जरा शेरडाकडं जाऊन येतो." माझ्या तोंडून "पडा गप" निघत होतं. अर्धं निघालं आणि अडकलं. गेल्या वर्षी मी तुलाही हेच म्हणत होतो ना? त्याचं पुढं काय झालं ते आपल्या दोघांनाही माहीत आहे.

आपल्या गल्लीत लेक चांगला निघाला की वाईट, हे ठरवायला एकच प्रश्न पुरतो. माय बसून खाते का? पोरगा शिकला का, नोकरीला लागला का, हे नंतर. जिने तीस हंगाम ऊस तोडला, पहाटेच्या थंडीत मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढवली, तिला शेवटी खाटेवर बसवून ताट हातात दिलं की लेकानं पांग फेडले. पलीकडचा दगडू तर पाहुण्यांना बोलावून दाखवायचा, "आमची माय पाण्याचा तांब्यासुदिक हातानं घेत न्हाई." म्हातारी बिचारी तहानेनं त्याच्याकडे बघत असायची.

मी दगडूवर एक सदर लिहिलं होतं. लोक खूप हसले होते. आणि तू न्यूमोनियातून उठून घरी आलीस तेव्हा मी दगडूच्याही पुढे गेलो.

दवाखान्यातून निघताना डॉक्टर म्हणाले होते, "रोज थोडं चालवा त्यांना." मी मान हलवली. मनात म्हटलं, हा सल्ला पहाटे बूट घालून फिरायला जाणाऱ्यांसाठी आहे. माझी माय जन्मभर चाललीय. मला वाटायचं, अंगातलं बळ कणगीतल्या ज्वारीसारखं असतं. तू साठ वर्षं भरून ठेवलंयस, आता नुसतं काढून खायचं.

डोक्याकडून वर होणारी खाट आणली. खाटेशेजारी संडासच्या भांड्याची खुर्ची आणली. तुला मोरीपर्यंत जायचंही कारण ठेवलं नाही. चौथ्या दिवशी तू भिंतीला धरून उठलीस आणि अंगण झाडायला लागलीस. मी धावत येऊन तुझ्या हातातला खराटा हिसकला आणि पत्र्यावर फेकून दिला.

"लोक काय म्हणतील?" मी ओरडलो.

तू म्हणालीस, "मला काय खुडूक कोंबडीगत अंड्यावर बसिवलंस का रं?"

आजूबाजूचे हसले. मीही हसलो. तुझं बोलणं मी माझ्या सदरात कितीदा चोरून वापरलं असेल, पण त्या दिवशी मला ते ऐकू आलं नाही. तू विनोद करत नव्हतीस, हे मला कधी कळावं?

सिरसाळ्याची मावशी तुला बघायला आली. खाट बघून म्हणाली, "नशीब काढलंस अक्का, बसून खाती." तू तिच्याकडे बघून नुसती हसलीस. मावशी गेल्यावर तिनं आणलेली केळी सोलायलासुद्धा मी तुला दिली नाहीत.

दोन महिन्यांनी तू उठायला गेलीस आणि उठली नाहीस. दुखत नव्हतं, मोडलं नव्हतं. तू मांडीकडे अशी बघत राहिलीस, जशी ती दुसऱ्या कुणाची तरी आहे. तुझ्या तोंडावर भीती मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. "बापू," तू म्हणालीस, "मला मोरीपतुर तरी माझ्या पायानं जाऊ दे रं." त्यानंतर तू दुसरं काहीच मागितलं नाहीस. तेवढंच मागत राहिलीस.

मग नसीमा आली. गॅरेजवाल्या मामूंची थोरली, फिजिओथेरपी शिकून आलेली. स्कूटीवरून उतरली, तुला "सलाम आजी" म्हणाली आणि माझ्याकडे न बघता तुझ्या मांडीला टेप लावला. वर, खाली, दोन्हीकडे. मग टेप गुंडाळत विचारलं, "आजींना बसवून कुणी ठेवलं?"

घरात मी एकटाच पुरुष उभा होतो. अण्णा तंबाखू मळायचं निमित्त करून बाहेर गेलेले.

तिनं दोन्ही हातांची बोटं एकमेकांसमोर धरली आणि हळूच एकमेकांत सरकवली. "आजी, मांसात अशा बारीक बारीक दोऱ्या असतात. डोक्यातून नसेवाटे हुकूम येतो, दोऱ्या एकमेकींत अशा सरकतात, स्नायू आखूड होतो आणि हाडाला ओढतो. बस, एवढंच येतं त्याला. ओढायचं. ढकलता येत नाही."

"मग हात मागं कसा जातो?" तू विचारलंस. मी एवढा शिकलेला, मला हा प्रश्न पन्नाशीपर्यंत पडला नव्हता.

"मागच्या बाजूला दुसरा असतो ना. पुढचा ओढतो तेव्हा मागचा ढिला पडतो. मागचा ओढतो तेव्हा पुढचा सोडून देतो. जोडीनं काम."

तू लगेच म्हणालीस, "म्हंजे कोयता."

नसीमाला कळलं नाही. मी सांगितलं, ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात आणि त्याला कुणी टोळीत सहसा घेत नाही. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. उचलताना एकानं हात द्यायचा. नसीमा म्हणाली, "बराबर. असा कोयता अंगात शेकड्यांनी आहे." तू दाराकडे तोंड करून हाक मारलीस, "आवो, या आत. तुमच्याबद्दल चाललंय." अण्णा आले, उंबऱ्यात उभे राहिले. नसीमानं विचारलं, यांना उठताना हात द्याल का? तुम्ही दोघांनी पाच वेळा केलं. तू उठायचीस, ते हात धरायचे. हंगामात मोळी डोक्यावर घेताना जसा हात द्यायचे, अगदी तसाच, कोपराच्या जरा वर. मी कोपऱ्यात उभा राहून बघत होतो आणि पहिल्यांदा माझी काही गरज नव्हती.

त्या पोरीनं आणखी एक गोष्ट सांगितली. स्नायू आपल्या पोटात साखर साठवून ठेवतो आणि कामाला लागला की ती जाळतो. मला हसू आलं. तू जन्मभर कारखान्याला ऊस पोचवलास, त्यातली साखर साऱ्या मुलखाच्या चहात गेली, आणि तुझी मांडी मात्र भाकरीतून स्वतःची साखर काढत राहिली. यावर एक झकास सदर झालं असतं. नसीमा पुढे म्हणाली, "स्नायू वापरला नाही की अंग तो सांभाळत नाही आजी, मोडून टाकतं. पडून राहिलं की सगळ्यात आधी मांडी जाते."

"म्हशीगत," तू म्हणालीस. "धार काढायची थांबलं की आटती." आणि माझ्याकडे बघितलंस. रागानं नव्हे. रागानं बघितलं असतंस तर बरं झालं असतं.

मी आपला बचाव करायला विचारलं, "मग आमच्या तालुक्यातले पुढारी वीस वर्षं खुर्चीत बसलेत, त्यांच्या मांड्या कशा झिजत नाहीत?" नसीमा म्हणाली, "सर, त्यांना उठायचंच नसतं. उठायचं असलं की कळतं." मला गप्प करणारी तुझ्यानंतरची ती दुसरी बाई.

त्यानंतर तू जे केलंस ते मी कुणाला सांगितलेलं नाही. रोज दहादा खुर्चीतून उठायचीस. थरथरत. आकडा मोठ्यानं मोजायचीस, सातनंतर विसरायचीस आणि पुन्हा एकपासून सुरू करायचीस. महिन्याभरात मोरीपर्यंत गेलीस. स्वतःच्या पायानं. परत आलीस तेव्हा दारात थांबून मला म्हणालीस, "जाऊन आले." गावाला जाऊन आल्यासारखं.

पण छातीत पुन्हा कफ भरला. मला वाटायचं, खोकला हा आजार असतो. खोकणं हेसुद्धा स्नायूंचंच काम, हे मला तुझ्या उशाशी कळलं. पोटाचे, बरगड्यांमधले स्नायू एकदम आवळतात तेव्हा कफ सुटतो. तुझ्या मांडीत थोडं बळ आलं होतं, पोटात नव्हतं आलं. तू खोकायला जायचीस आणि नुसता श्वास बाहेर पडायचा. शिमग्यानंतरच्या आठवड्यात तू गेलीस. नसीमाला मी सरळ विचारलं. ती म्हणाली, "सर, एका कारणानं कुणी जात नाही. वय होतं, फुप्फुस आधीच थकलं होतं." चांगली पोरगी आहे. खोटं बोलली नाही, पण सगळं खरंही बोलली नाही.

तू त्या खराट्याच्या वेळी मला एक थोबाडीत का दिली नाहीस माय? तुझ्या हातात तेव्हा तेवढी ताकद होती. एका फटक्यात मी शहाणा झालो असतो. की लेकाला चांगला लेक व्हायची इतकी हौस आहे, तर होऊ द्यावं, असं वाटलं तुला? मला खूश ठेवण्यासाठी बसून राहिलीस का? एवढा मोठा मान मला नको होता.

आज सकाळचं सांगायचं राहिलं. अण्णा उठले. गुडघे लटपटले, एक हात खाटेच्या दांडीवर. माझे दोन्ही हात आपोआप पुढे गेले. आपोआप म्हणजे काय, हुकूम माझ्याच डोक्यातून आला होता. मी ते मागे घेतले, पाठीशी एकमेकांत अडकवले आणि त्यांच्या मागून एक पाऊल अंतर ठेवून चाललो. शेरडापर्यंत बावीस पावलं. पंधराव्याला ते थांबले, लिंबाच्या खोडाला टेकले. मीही एक पाऊल मागे थांबलो.

दगडू ओट्यावरून बघत होता. "बापू, म्हातारा एवढा ताप काढून उठलाय अन् तू हात मागं बांधून बघत उभा? लाज न्हाई वाटत?"

माझ्याजवळ उत्तरं तयार असतात, तुला माहीत आहे. पण माझ्या आधी अण्णाच मान न वळवता म्हणाले, "दगडू, तुझी माय कवा चालली व्हती शेवटची?" दगडू आत गेला. अण्णांनी शेरडाला चारा टाकला, परत फिरले आणि खाटेवर बसून धापा टाकत म्हणाले, "उद्या मोरीपतुर बी जातो." ते तुझ्याकडून ऐकलेलं होतं की त्यांचं स्वतःचं, मी विचारलं नाही.

नसीमाला फोन केलाय. परवा येते. तोवर गल्लीत माझं नाव व्हायचं ते होईल. बापाला राबवतो म्हणतील, एखादा पाहुणा तोंडावर म्हणेल, आणि मला ते बोचेल, कारण मला अजूनही चांगला लेक म्हणवून घ्यायची हौस आहे.

तरी तुला शब्द देतो माय. अण्णांच्या वाटेतला दगड बाजूला करीन, मोरीत धरायला दांडी ठोकून घेईन, एक पाऊल मागे कायम असेन. ते पडले तर उचलीन. पण पडायच्या आधी उचलणार नाही.

तुझा,
बापू