नत्थूजींनी खाल्लेली गोळी

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक साहेब,
रुग्णालय, जिल्हा वर्धा.

अर्जदार : कु. जयवंता पुंडलिकराव भोयर, इयत्ता दहावी, रा. हिंगणी.

विषय : माझे आजोबा नत्थूजी यांना तोंडी खुलासा मिळणेबाबत.
संदर्भ : काल राउंडला आपण आईला "आता घरी न्या" म्हणालात ते.

महोदय,

आमच्या घरचे सर्व अर्ज मीच लिहिते. विहिरीवरच्या विजेचाही मीच लिहिला होता आणि वीज आली! म्हणून धीर करून हा लिहीत आहे.

१. माझ्या वडिलांना रक्ताचा कॅन्सर आहे. इंजेक्शने सुरू करताना आपण अ‍ॅलोप्युरिनॉलच्या गोळ्या दिल्या व घरीही रोज द्यायला बजावले. घरी आल्यावर औषधाच्या दुकानात कामाला असलेले शेजारचे बंडूजी पट्टी पाहून म्हणाले, "अवो वैनी, हे तं वाताची गोळी हाय. पुंडलिकभाऊले काऊन देल्ली?" आजोबांच्या पायाचा अंगठा वाताने सुजलेलाच होता. आई हसून म्हणाली, "मामंजी, तुमचा अंगठा डाक्टरले तिथूनच दिसला वाटते!" गोळ्या आजोबांना सुरू झाल्या. अंगठ्याची सूज उतरली. सगळे खूश.

२. त्यानंतर बाबांची लघवी बंद झाली व त्यांना पुन्हा येथे आणावे लागले. वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावले की इंजेक्शनाने रोगट पेशी फुटतात, रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढते आणि मूत्रपिंडे तुंबतात. वातही त्याच अ‍ॅसिडचा, म्हणून गोळी एकच. आजोबा मागेच उभे होते, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

३. तेव्हापासून ते व्हरांड्यात बसून आहेत. "पोराची गोळी म्या खाल्ली," एवढेच बोलतात. बाबांना पाणी मोजून मिळते, तर हे अजिबात पीत नाहीत. काल त्यांनी तो बरा झालेला अंगठा दगडाने ठेचून घेतला.

४. बाबांना नागपूरच्या मोठ्या रुग्णालयात न्यायचे का, असे मी विचारले. आता उपयोग नाही असे कळले, म्हणून ते मागत नाही. मागणे इतकेच की, आपण आजोबांना एकदा सांगावे, बाबांनी गोळी घेतली असती तरी हेच झाले असते. मला विज्ञानात चांगले मार्क आहेत, त्यामुळे खरे काय ते मला विचारू नये. मीही त्यांना तसेच सांगितले, पण म्हणतात, "तू पोरगी हायेस, तुले काय समजते?" आपले ऐकतील. बाबांना घरी नेण्याआधी सांगितल्यास बरे होईल, कारण घरी मग दोघेच एका खोलीत असतील.

आपली नम्र व आशेने वाट पाहणारी,
कु. जयवंता भोयर
दि. ९ जानेवारी १९८२

सोबत : उरलेल्या गोळ्यांची पट्टी. अजूनही बाबांना द्याव्यात, असा आजोबांचा हट्ट आहे.